भांड्यांच्या दुकानावरची खोली

काकू,

खरं सांगू? तुम्ही गेलात तेव्हा मला आधी रडू आलं नाही. हायसं वाटलं. तुमच्या उशाशी बसून मी नाडी शोधत होते, ती लागली नाही, आणि कितीतरी आठवड्यांची धास्ती संपली. तुमचा मुलगा, महेश, माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी त्याला म्हणाले, "गेल्या. त्रास काहीच झाला नाही." डॉक्टर म्हणून हे वाक्य मी पुष्कळांना ऐकवलंय. कधी ते खरं असतं, कधी नुसती समजूत असते. तुमच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. दुपारची वेळ होती, खाली दुकानात कुणीतरी कळशी वाजवून बघत होतं, आणि तुम्ही झोपेतच निघून गेलात.

तुमच्या समाजात माणसाला बसवून मातीत ठेवतात हे मला माहीत होतं, कधी पाहिलं नव्हतं. जंगमांनी तुमच्या कपाळाला विभूती लावली, हातात लिंग दिलं आणि तुम्हाला नीट बसवलं. मी थोडी मागे उभी होते. इतका वेळ एका जागी गप्प बसलेलं मी तुम्हाला कधीच पाहिलं नव्हतं, काकू. मला हसूच आलं. तोंडाला पदर लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मग मी खरंच रडले.

पहिल्यांदा तुम्ही माझ्या बीडच्या दवाखान्यात आलात तो दिवस परवापासून सारखा आठवतोय. त्या वर्षांत बीडमधे दर दोन-चार महिन्यांनी एखादा नवा दवाखाना उभा राहायचा. काचेची दारं, सोनोग्राफीचे मोठाले बोर्ड, आत गेलं की गार फरशी. माझाही दवाखाना नवाच होता, फक्त काच नव्हती. तुम्ही एका बाईला हाताला धरून आत आणलंत आणि मी काही विचारायच्या आधीच सुरू झालात.

"ही गयाबाई. ऊस तोडाय जाती. हिला म्हणत्यात, पिशवी काढाय लागंल. तुमी बघा, अन् काय असंल ते खरं सांगा."

"तुम्ही हिच्या कोण?"

"कुणी न्हाई. आमच्या पाटोद्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडत व्हती."

मी तपासलं. गर्भाशयाला काही झालेलं नव्हतं. आतून सूज होती, जंतुसंसर्ग होता, गोळ्यांनी बरा होणारा. मी तसं सांगितलं तर गयाबाईचा विश्वासच बसेना. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "कापाय लागत न्हाई ना? खरंच न्हाई ना?" मग हळूहळू कळलं. पोट दुखतं म्हणून ती कुठल्यातरी दवाखान्यात गेली होती, तिथं तिला घाबरवलं होतं. वर टोळीचा मुकादम म्हणाला होता, काढूनच टाक, म्हणजे हंगामात खाडा व्हणार न्हाई. ती पस्तिशीचीही नव्हती.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि माझ्यावरच डाफरलात. "मंग हे असं सांगायला तुमी पाटोद्याला कावून येत न्हाई?"

"काकू, माझे पेशंट इथे आहेत."

"अन् तिथं काय म्हशी राहत्यात?"

मला राग आला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. ओळख ना पाळख, एक भांड्यांची दुकानदारीण येते काय आणि मला बोलते काय! पण रात्री जेवताना नवऱ्याला हा किस्सा सांगितला आणि सांगता सांगता मीच हसायला लागले. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पाटोद्याच्या एसटीत बसले होते.

दुकानावरच्या त्या खोलीत तेव्हा पितळी घंगाळं आणि गवतात गुंडाळलेले कप होते. तुम्ही ती झाडून घेतलीत, चुना मारलात, जुन्या साडीचा पडदा लावलात. मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, अरुंद, वर चढताना वाजणारा. मी म्हणाले, "पोटुशी बाई या जिन्यानं कशी चढणार?" तुम्ही म्हणालात, "म्या ढकलते." आणि खरंच ढकलायचात. बाजाराला आलेल्या बाया एका हातात मिरच्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर घेऊन वर यायच्या, मागून तुमचा हात त्यांच्या कमरेला असायचा. "चढ, चढ. डाक्टरीण वाघीण न्हाई."

एकटीनं होणारं काम नव्हतं ते. मी तसं म्हणाले तर तुम्ही डॉक्टर पकडायला बाहेर पडलात. तुमची तऱ्हा मला डॉ. शेख यांच्याकडून कळली. ते बीडला लहान मुलांचे डॉक्टर, स्वभावानं भिडस्त. तुम्ही त्यांच्याकडे नंबर लावून, बाकीच्या आयांबरोबर दीड-दोन तास बसलात. आत बोलावल्यावर त्यांनी विचारलं, मूल कुठाय? तुम्ही म्हणालात, "मूल न्हाई. मला तुमचा महिन्यातला एक दिवस पाहिजे." ते आधी नाही म्हणाले. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा नंबर लावलात. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "अम्मा, तुमने मेरेकू फँसाया." तेव्हापासून ते दर महिन्याला यायचे, आणि कुणी विचारलं तर हेच वाक्य सांगायचे. तुम्हालाही ते आवडायचं, काकू. तुम्ही ऐकायला मुद्दाम थांबायचात.

एकदा खोलीत विमा एजंट शिरला होता, आठवतं? गळ्यात टाय, हातात चकचकीत पत्रकं. इतकी माणसं एका जागी जमलेली बघून त्याला बरं वाटलं असावं. तुम्ही त्याला बसवलंत, पाणी दिलंत, त्याचं सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "बाबा, ह्ये पैसं कवा मिळत्यात?" तो म्हणाला, माणूस गेल्यावर घरच्यांना. तुम्ही म्हणालात, "मेल्यावर देणारं लई येत्यात. ह्या बाया जित्या हायत. त्यांना आजच्या आज गोळी लागती, त्याचं काय तुमच्याकडं?"  जाताना मात्र तो तुमच्याकडून एक कुकर घेऊन गेला.

आता एक गोष्ट लिहिते जी आपण कधी बोललो नाही.

पाटोद्यात पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, "कुणाच्या तुमी?" मी आडनाव सांगितलं. वडील जिल्हा परिषदेत कारकून होते, आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेही सांगितलं. मी ते लपवत नाही, आणि समोरच्याच्या तोंडावर काय उमटतं ते बघायची मला सवय आहे. तुमच्या तोंडावर क्षणभर काहीच उमटलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "बरं," आणि पुढच्या बाईला आत बोलावलंत.

त्या दिवशी आणि नंतर बरेच महिने माझं जेवण वर खोलीत आलं. ताट स्वच्छ, भाजी-भाकरी गरम, वर दह्याची वाटी. डॉ. शेख यांचंही वरच यायचं. भांड्यांनी भरलेल्या घरात आमच्या दोघांची ताटं ठरलेली होती, हे मी दुसऱ्या महिन्यातच ओळखलं. वाईट वाटलं का? वाटलं. यायचं बंद करावं असंही एकदा मनात आलं. पण जिन्यावरून बायांना ढकलणारा तुमचा हात मी दर खेपेला बघत होते. त्या हातानं कुणाची जात विचारली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तो हात थांबत होता. दोन्ही गोष्टी एकाच बाईत होत्या, आणि मला ती बाई आवडायला लागली होती.

मग शांताचा दिवस आला.

शांता गयाबाईची लेक. नुकतं लग्न झालेलं, एकोणीस-वीस वर्षांची. दिवाळी होऊन गेली होती, टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या बेतात होत्या. बाजार अगदी भरात होता. गयाबाई आणि जावई तिला दोन्हीकडून धरून घेऊन आले. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसली. पोटात दुखतंय, डोळ्यापुढं अंधार येतोय, एवढंच सांगत होती. मी खाली उतरून तिचा हात हातात घेतला. हात गार, नाडी धागा झालेली, ओठ पांढरेफटक. पोटाला बोट लावू देईना. पाळी चुकली होती का विचारलं तर मान हलवली. मला कळलं. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती आणि पोटात रक्त साचत होतं.

"बीड," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. ऑपरेशन लागेल. आणि रक्त लागेल."

त्या क्षणी तुम्ही कुठलाच प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे एकदा बघितलंत आणि पदर खोचून रस्त्यात उतरलात. एक प्रवासी जीप माणसांनी खच्चून निघाली होती. तुम्ही तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिलात. ड्रायव्हर ओरडला, "म्हातारे, मरायचंय का?" तुम्ही म्हणालात, "मला न्हाई. ती पोर मराया लागली. उतरव समद्यांना." मी शेजारच्या एसटीडी बूथवरून माझ्या दवाखान्यात फोन लावला, ऑपरेशनची तयारी करा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून ठेवा म्हणून सांगितलं. फोन करत असतानाच मला तुमचा आवाज ऐकू येत होता. आख्ख्या बाजाराला ऐकू येत होता.

"ज्याला रगात द्यायचंय त्यानं जीपमधी बसून ऱ्हावं! बाकीचे उतरा!"

सगळे उतरले.

बूथमधून मी बाहेर आले तेव्हा जीप रिकामी होती, आणि तिच्याभोवती माणसांचं कडं उभं होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रक्त दिल्यावर माणूस खंगतो, कामाला राहत नाही, हे त्या काळी घरोघरी मानत होते. अंगमेहनतीवर जगणाऱ्याला ती भीती काही छोटी नव्हती. शांताचा नवरा पुढे आला, म्हणाला, माझं घ्या. गयाबाई म्हणाली, माझं घ्या, पण तिच्याच अंगात रक्त नव्हतं. तुम्ही स्वतःचा हात पुढे केलात तेव्हा मी ओरडले, "काकू, तुमचं वय झालंय, तुम्हाला साखर आहे, तुमचं चालत नाही."

तुम्ही दुकानाकडे बघितलं नाहीत. महेशला हाक मारली नाहीत. का, ते मला माहीत होतं. खोलीवरून तुमचं आणि त्याचं कितीतरी महिने बिनसलं होतं. नव्या तऱ्हेचा माल येत होता, नॉनस्टिक तवे, मिक्सर, प्लास्टिकच्या बादल्या, आणि ठेवायला जागा नव्हती. "दुकान हाय का दवाखाना?" असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. तो वाईट नव्हता. दिवसभर तोच दुकानात उभा राहायचा आणि तुम्ही त्याला न विचारता खोली देऊन टाकली होतीत.

तेवढ्यात शटर ओढल्याचा आवाज आला. भर बाजारात. पाटोद्यात बाजाराच्या दिवशी मयत असल्याशिवाय कुणी शटर ओढत नाही. महेशनं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आला आणि जीपमधे बसला.  त्याच्या मागून समोरचा शिंपी आला. मग एक हमाल. मग शाळेचे एक मास्तर, सायकल तशीच टाकून. जीप भरली.

डॉ. शेख वरच्या खोलीतले पेशंट बघायला थांबले. मी सलाईनची बाटली वर धरून मागे बसले, शांताचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. मांजरसुंबा मागे पडला, घाट आला. प्रत्येक वळणाला ती कण्हायची आणि तुम्ही ड्रायव्हरला शिव्या द्यायचात, एकदा हळू चालव म्हणून, एकदा जोरात चालव म्हणून. पालीजवळ बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आलं का?" तुम्ही म्हणालात, "आलंच की." अजून शहर यायचं होतं.

मी तिला थेट टेबलावर घेतलं. महेश आणि बाकीचे रक्तपेढीत गेले. तिथं त्यांचा फक्त रक्तगट तपासला, बाकी कोण कुणाचा ते कुणी विचारलं नाही. पोट उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, उशीर झाला. मग बाटली आली, अजून एक आली, फुटलेली नळी हाताला लागली, रक्त थांबलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "ब्लड प्रेशर वर येतंय." मी तेव्हा जे अनुभवलं त्याला काय म्हणायचं मला अजून कळत नाही. पाय दुखायला लागले एवढंच आठवतं. तोवर ते आहेत हेच विसरले होते.

बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुम्ही भिंतीला टेकून फरशीवर बसला होतात, गयाबाईचा हात धरून.

"जगती का?"

"जगेल."

 उठलात, बाकावर बसलेल्या महेशकडे गेलात, त्याच्या दंडावरच्या कापसाच्या बोळ्याकडे बघितलंत आणि तिथेच तुम्हाला भोवळ आली. आख्ख्या बाजाराकडे रक्त मागणाऱ्या काकूंना रक्ताचा एवढासा ठिपका बघवत नाही, हे त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना कळलं. महेशनं तुम्हाला सावरलं. तो हसत होता. तुमच्या दोघांचं भांडण तिथंच मिटलं.

पुढच्या महिन्यात मी आले आणि नेहमीप्रमाणे जिन्याकडे निघाले. आतून तुमची हाक आली.

"वर कुठं चालल्या? आत या. भाकरी तव्यावर हाय."

मी उंबऱ्यात थांबले. डॉ. शेख आधीच आत पाटावर बसले होते आणि माझ्याकडे न बघता जेवत होते. मी आत आले, बसले. तुम्ही भाकरी माझ्या ताटात टाकलीत, बोटं भाजली म्हणून कानाच्या पाळीला लावलीत, आणि बाजारात वांगी काय भावानं चाललीत ते सांगायला लागलात. त्यानंतर जेवण कधी वर आलं नाही. काय बदललं ते मी कधी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. विचारायचं फार मनात होतं. आता विचारता येणार नाही, आणि मला ते चालतं.

पण आपलं जे भांडण अर्धवट राहिलं त्याचं काय करू? शांता घरी आल्यावर तुम्ही हट्ट धरलात, "इथंच आपरेशनचं टेबल टाकू. घाटातनं पळाय नको." मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, "शाळंच्या खोलीत टेबल टाकून बायांच्या नसबंद्या करत्यातच की."

"म्हणूनच नको," मी म्हणाले. "भूल द्यायला माणूस नाही, रक्त नाही, उकळलेलं पाणी सुद्धा धड नाही. एक बाई गेली तर?"

"अन् घाटात गेली तर?"

मी आवाज चढवला. तुम्ही पुढचे दोन महिने माझ्याशी बोलला नाहीत, चहा सुनेच्या हाती पाठवत राहिलात. नंतर बोलायला लागलात, पण मान्य केलं नाहीत. दर पावसाळ्यात घाट खचला की तुम्ही नुसतं माझ्याकडे बघायचात. मी आजही म्हणते, माझं बरोबर होतं. आणि घाटातली ती वळणं आठवली की वाटतं, तुमचंही होतं.

मग तुमचे पाय सुजायला लागले. साखरेनं मूत्रपिंडं खाल्ली होती. मी रिपोर्ट बघितले आणि तुम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं, कारण खरं सांगा असं पहिल्या दिवशी तुम्हीच मला बजावलं होतं. रक्त मशीनवर धुवावं लागेल, मशीन औरंगाबादला आहे, आठवड्यातून दोनदा जावं लागेल, आयुष्यभर.

"मंग बाकीच्या दिवशी काय करायचं?" तुम्ही विचारलंत. "त्या जाण्यायेण्यातनं उठायचं, हेच ना?"

"काकू, लोकांना तुम्ही जबरदस्तीनं जीपमधे घालता. स्वतःची वेळ आली की नाही म्हणता."

"ती पोर एकोणीस वर्षांची व्हती. तिच्यापुढं समदं पडलं व्हतं. मला बी जगायचंय बाई, न्हाई कोण म्हणतं? पण माझ्या घरात." मग आवाज खाली आणलात. "एकच सांगते. म्या गुदमराय लागले तर तुमी यायचं. तेवढं करा."

महेशला हे पटत नव्हतं. औरंगाबादला नव्यानं झालेल्या एका मोठ्या दवाखान्याचं नाव त्यानं काढलं होतं, गाडी ठरवली होती. लोक त्याला टोचत होते, गावाला दवाखाना दाखवणारी आई आणि तिलाच दवाखान्यात नेत नाहीत. तो माझ्याकडे आला, म्हणाला, "मॅडम, तुमी सांगा, काय करू? तुमी म्हणाल तसं करतो." आयुष्यात मला इतकं जड काही वाटलं नाही. डॉक्टर म्हणून मला तुम्हाला गाडीत घालायचं होतं. मी त्याला सांगितलं, "त्या म्हणतात तसं करू. मी येत राहीन." आणि त्या दिवसापासून मी घाबरून होते. तुम्ही गुदमरलात तर? श्वासासाठी तडफडलात तर? महेश मला काय म्हणेल, आणि मी स्वतःला काय म्हणेन?

तसं काही झालं नाही. दोनदा धाप लागली, दोन्ही वेळा मी आले, इंजेक्शन दिलं, उतरली. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला झोप येत राहिली. जाग आली की विचारायचात, आज बाजार हाय का? कुणीतरी हो म्हणायचं, कुणीतरी नाही म्हणायचं, तुमचं दोन्हींवर समाधान व्हायचं. शांता येऊन गेली, तिची मुलगी तुमच्या अंथरुणावर चढून बसली, तुम्ही तिला ओळखलंत की नाही माहीत नाही, पण सरकून जागा दिलीत. दोन-तीन दिवसांनी ती दुपार आली.

तुमचं दिवसकार्य झाल्यावर महेश माझ्याशी बोलला. म्हणाला, "मॅडम, घरी ठेवलं ते बरं झालं. तिकडं नेलं असतं तर आईला माझं तोंड बी बघाय मिळालं नसतं नीट." एवढंच बोलला आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठला. मी बीडला परतताना एसटीत गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी.

एक धास्ती मात्र उरली होती, ती खोलीची. तुम्ही तिच्याबद्दल कुणाकडून काही कबूल करून घेतलं नव्हतंत. मला त्याचं नवल वाटायचं, इतक्या लोकांकडून इतकं काही उपटणाऱ्या तुम्ही घरात मात्र गप्प का राहिलात? बाजाराचा दिवस उजाडला. डॉ. शेख आणि मी त्यांच्या गाडीतून आलो.  खोलीत आता कुकरची खोकी असतील, आपण महेशला काही म्हणायचं नाही, त्याचा हक्क आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

जिना चढले तर दार उघडं होतं. फरशी पुसलेली, अजून ओली. महेशनं बाकं लावून ठेवली होती आणि त्याची बायको पाण्याचा माठ भरत होती. माझं तोंड बघून त्याला काय ते समजलं असावं.

"आई मला कधी म्हणली न्हाई, खोली ठेव म्हणून," तो म्हणाला. "म्हणली असती तर म्या भांडलो असतो. म्हणली न्हाई, म्हणून मला इचार करावा लागला."

डॉ. शेख तोंड फिरवून खिडकीशी गेले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पेशंट नेहमीएवढेच होते. तुम्ही नाहीत म्हणून कुणी यायचं राहिलं नाही, आणि काकू, तुम्हाला हे ऐकून थोडा राग येईल. मलाही आधी आला. पुष्कळ जणी तुमची आठवण काढून रडल्या. पण उन्हं कलताना एक नवी बाई आली, धारूरकडची. तिला तुमचं नावही माहीत नव्हतं. तिच्या जावेनं सांगितलं होतं, पाटोद्याला बाजाराच्या दिवशी भांड्यांच्या दुकानावर डॉक्टर बसतात, तिथं खरं सांगतात. एवढ्यावर ती आली होती. तिलाही कुणीतरी पिशवी काढायला सांगितलं होतं. मी तपासलं. काही झालेलं नव्हतं. मी सांगितलं तर ती बाकावरच बसून राहिली, मग पदरानं तोंड पुसलं, गोळ्या नीट कनवटीला लावल्या.

"परत कवा येऊ बाई?" तिनं विचारलं.

मी सवयीनं दाराकडे बघितलं; पुढची तारीख तिथं उभ्या राहून तुम्हीच सांगायचात. मग तिला सांगितलं, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या बाजाराला ये, आम्ही असू. काकू, पहिल्यांदाच तुम्हाला न विचारता मी कुणाला पुढची तारीख दिली.